उमरीकरबाईंची चादर

२३ जानेवारी, शनिवार. उद्या सकाळी अनंतगिरीला जायचं आहे, म्हणून दुपारी पलंगाखालची पत्र्याची ट्रंक ओढून बाहेर काढली. दोर उन्हात टाकला आणि वीत वीत करून बोटांतून सोडून पाहिला. टॉर्चमधले सेल काढून त्यांची टोकं पुसली. औषधांच्या डब्यातलं तारीख उलटलेलं मलम फेकून दिलं. संध्याकाळी सहलीचे सगळे आपापल्या सॅक घेऊन आमच्या गच्चीवर येतील आणि मी त्यांच्या सामानाची झडती घेईन. ही झडती मी सुरू केलेली नाही. ती उमरीकरबाईंची. मी फक्त पुढे चालवते.

सोमवारी नांदेडहून त्यांच्या बहिणीचा फोन आला, बाई वारल्या. कळल्यावर दोघातिघांनी मला विचारलं, मग रविवारची सहल रद्द का? बाई हवामान सोडून दुसऱ्या कशासाठीही सहल रद्द करत नसत, एवढं सांगून मी फोन ठेवला. दोर वाळेपर्यंत वेळ आहे, तर चार गोष्टी लिहून काढते.

बाई टेलिफोन खात्यात ट्रंक कॉलच्या बोर्डावर होत्या आणि मी त्याच इमारतीत हिशेबाच्या शाखेत. उंची बेताची, चालणं झपझप, आवाज असा की नागपूरची लाइन खराब असली तरी बाईंचं बोलणं तिकडे ऐकू जायचं. बोर्डावर त्यांना बघत राहावं असं असायचं. समोर भोकांच्या रांगा, हातात दोऱ्या, आणि नजर मात्र खिडकीबाहेर. बोटं आपोआप बरोबर भोकात. एकदा मी विचारलं, "बाई, न बघता कसं जमतं?" तर म्हणाल्या, "बघत बसलं तर जमत नाही गं सुधा. बोटाला माहीत पाहिजे."

लग्न केलं नव्हतं. अंबरपेठेत वरच्या मजल्यावर एक खोली आणि तिच्यापुढे गच्ची. महिन्यातून एकदा रविवारी आम्हा पंधरा-वीस मराठी माणसांना डोंगरात न्यायचं, हे त्यांनी तरुणपणीच ठरवून टाकलं होतं. कोणतीही संस्था नाही, पावती नाही. "रविवारी निघायचंय, शनिवारी चादर" असा निरोप यायचा, म्हणजे झालं.

चादर म्हणजे काय ते सांगते. शनिवारी संध्याकाळी प्रत्येकानं घरची एक सुती चादर आणायची, गच्चीवर अंथरायची आणि आपली सॅक तिच्यावर उपडी करायची. मग बाई रांगेनं फिरायच्या. एकेक वस्तू उचलायची आणि एकच शब्द विचारायचा, "कायकू?"

बाईंचं मराठी नांदेडचं, पण जन्म हैदराबादेत गेला. त्यामुळे प्रश्न दखनीत, उत्तर मात्र मराठीत आणि सरळ हवं. "असू दे म्हणून आणलं" हे उत्तर चालत नसे. वस्तू कशासाठी ते सांगता आलं, की पुढची पायरी. डोळे मिटायचे आणि ती वस्तू सामानातून शोधून, वापरून दाखवायची. पट्टी सोडून घोट्याला बांधा. शिट्टी काढून वाजवा. पाण्याची बाटली उघडा, प्या, झाकण लावा. मिटल्या डोळ्यांनी जमलं नाही तर ती वस्तू घरी. वाद नाही.

माझ्या पहिल्या चादरीत माझं निम्मं सामान घरी गेलं. मी काचेचा थर्मास नेला होता, छत्री नेली होती आणि खास सहलीसाठी घेतलेले कोरे करकरीत बूट.

"हे कायकू?" बाईंनी थर्मास हलवला.

"चहा गरम राहतो, बाई."

"हौ, आणि फुटला की सॅकभर काच. छत्री?"

"पाऊस आला तर."

"मग एक हात छत्रीला, एक काठीला, आणि खडक धरायला काय सासरहून हात मागवशील?"

सगळे हसले. मलाही हसू आलं. मग त्यांनी बूट उचलले, तळवा वाकवून पाहिला, गच्चीच्या एका कोपऱ्यात बादलीभर पाणी ओतलं आणि मला बूट घालून त्या ओल्या फरशीवरून चालायला लावलं. बूट घसरले नाहीत. "बूट चांगले घेतलेस," म्हणाल्या, "पण उद्या नक्को. आठ-पंधरा दिवस ऑफिसला घालून ये, मग डोंगरावर. उद्या जुने." त्यांना वस्तूतलं चांगलंही तितक्याच चटकन दिसायचं, हे मला आवडलं. मी नवरा-मुलांच्या तक्रारी ऐकून घेतल्या आणि त्या दिवसापासून त्यांच्याबरोबर जात राहिले.

खरेदीला बाई अफझलगंजला जात. दोर, काठीच्या टोकाला बसवायचं लोखंडी टोपण, मेणकापड, सगळं तिथल्या दुकानांतून. एकदा शिट्ट्या घ्यायला मी सोबत होते. बाईंनी दुकानदाराकडून लोटाभर पाणी मागून घेतलं. त्याला वाटलं, प्यायला. बाईंनी पहिली शिट्टी त्यात बुडवली, बाहेर काढली आणि न झटकता वाजवली. आतला मणी ओला होऊन अडकला, नुसती फुसफुस. दुसरी बुडवली, तीही फुसकी.

दुकानदार वैतागला. "अम्मा, सीटी खरीद रैं या धो रैं?"

"बारिश में बजना न, भाई," बाई म्हणाल्या. "सूखे में तो मैंच चिल्ला लेतूं."

त्यानंच मग आतल्या खोलीतून मणी नसलेल्या शिट्ट्यांचं खोकं आणून दिलं. बुडवली, वाजवली, वाजली. बाईंनी सगळ्यांसाठी घेतल्या. पुढे तो दुकानदार बाईंना बघितलं की आधी पाण्याचा लोटा काउंटरवर ठेवायचा आणि मग सलाम करायचा.

शिट्टीची आमची भाषाही ठरलेली होती. एक लांब शिट्टी म्हणजे, मी इथे आहे. ऐकणाऱ्यानं त्या दिशेला वळून हाताचा पंजा वर करायचा, म्हणजे कळलं. तीन शिट्ट्या म्हणजे, या. एवढंच. "जास्त शिकवलं तर घाबरल्यावर आठवत नाही," असं बाईंचं मत.

नवीन गोष्टींचा त्यांना राग होता असं मात्र कुणी समजू नये. ते दिवसच असे होते की दर महिन्याला काही ना काही नवीन यायचं. गल्लोगल्ली एसटीडीचे पिवळे बूथ झाले, लोक थेट नंबर फिरवायला लागले आणि बाईंच्या बोर्डावर दिवसाकाठी मोजके कॉल उरले. बाई म्हणाल्या, "बरं झालं. लोकांना ताटकळायला लावायचा मलाच कंटाळा आला होता." त्याच सुमाराला चिन्मय आला. मूळ पुण्याचा, इथे कॉम्प्युटरच्या कंपनीत. ऑफिसनं महिनाभर अमेरिकेला पाठवलं होतं, तिथून सहलीचं सामान घेऊन आला होता. त्याच्या पहिल्या चादरीला बाईंच्या गच्चीवर प्रदर्शन भरल्यासारखं झालं.

"मॅडम, ही सॅक पूर्ण वॉटरप्रूफ आहे."

"मॅडम ऑफिसात. इथे बाई." त्यांनी मला बादली आणायला सांगितली. आत वर्तमानपत्र भरून सॅकवर पाणी ओतलं. थोड्या वेळानं पेपर काढला, तर कडेनं ओला. चिन्मयचा चेहरा पडला. बाईंनी आतली शिवण उलटून त्याला दाखवली. "कापड खरंच वॉटरप्रूफ आहे. शिवण नाही. आत एक मोठी प्लॅस्टिकची पिशवी घाल की झालं. सॅक छान आहे हो, पट्टे बघ किती विचार करून लावलेत."

मग त्यांनी त्याचा डोक्याला बांधायचा दिवा उचलला. असा दिवा आम्ही कुणीच पाहिला नव्हता.

"हे कायकू?"

"अंधारात दोन्ही हात मोकळे राहतात, बाई."

बाईंनी दिवा स्वतःच्या डोक्याला बांधला, काठी घेतली, जिन्याचा कठडा धरून खाली गेल्या आणि वर आल्या. मग आपल्या चादरीपाशी गेल्या. तिथे त्यांची लांबलचक स्टीलची बॅटरी होती, बोर्डावर लागल्यापासूनची, रोज पुसून चकचकीत ठेवलेली. ती उचलून त्यांनी खोलीत नेऊन ठेवली.

"बाई, तुमची बॅटरी चालते की अजून," जोशीकाका म्हणाले.

"चालते. पण तिला एक हात लागतो. ह्याच्यापुढे ती घरी." आणि चिन्मयला, "तुझ्या ऑफिसातलं पुढचं माणूस तिकडे कधी जाणार आहे रे? मला एक पाहिजे."

जोशीकाकांचं नाव निघालं तर मधमाश्यांचं सांगितलंच पाहिजे. जोशीकाका म्हणजे रिटायर झालेले पोस्टमास्तर, आमच्यात वयानं मोठे. देवभोळे. शहराबाहेरच्या एका खडकाच्या डोंगरावर आम्ही गेलो होतो. वर कातळाच्या पोटात शेंदूर फासलेला एक देव, आणि त्याच्या डोक्यावर, कातळाच्या कपारीला, आग्या माश्यांची पोळी. बाईंनी पायथ्यालाच बजावलं होतं, वर उदबत्ती नाही, कापूर नाही, विडी नाही. काकांनी मान डोलावली. पण देवासमोर रिकाम्या हातानं उभं राहणं त्यांच्या जिवावर आलं. चादरीत सापडू नये म्हणून उदबत्तीचा पुडा त्यांनी चक्क मोज्यात घालून आणला होता. आम्ही पलीकडे पाणी पीत होतो, इकडे काकांनी चार उदबत्त्या लावल्या, वर कापूर पेटवला, डोळे मिटून आरती सुरू केली.

आवाज आधी आला. मग वरचं काळं पोळं हललं.

"चादर!" बाई ओरडल्या. एवढंच.

हात सॅकमध्ये गेले. चादर कुठे आहे हे कुणाला शोधावं लागलं नाही, ती सगळ्यात वर असायची, तसा नियमच होता. डोक्यावरून घेतली, कडा मुठीत आवळल्या. चढताना बाईंनी उतरणीच्या गुळगुळीत कातळावर दोर बांधून ठेवला होता. आम्हाला ती नसती काळजी वाटली होती. आता दिसत काहीच नव्हतं, चादरीच्या आत नुसता स्वतःचा श्वास आणि बाहेर ते घोंघावणं. एक हात चादरीला, एक हात दोराला. बाईंचा आवाज मागून येत राहिला, अगदी बोर्डावरचा, "सावकाश. बसून उतरा. पळू नका. पुढे कोण? सुधा? सरक, सरक, दोर सोडू नको."

खालच्या झुडपांत पोचलो तर जोशीकाका नव्हते. बाईंनी माणसं मोजली आणि पुन्हा वर जायला वळल्या, तेवढ्यात वरून एक लांब शिट्टी आली. मी इथे आहे. काकांच्या दोन्ही डोळ्यांना माश्या डसल्या होत्या, पापण्या सुजून मिटल्या होत्या. पण शिट्टी गळ्यात नेमकी कुठे आहे ते बोटाला माहीत होतं. बाई दोर धरून वर गेल्या, काकांना आपल्या चादरीत घेतलं आणि दोघं एका चादरीखाली बसत बसत उतरली. बाईंच्या हातापायांवर किती काटे होते ते आम्ही चिमट्यानं काढताना मोजायचं सोडून दिलं. काका दवाखान्यात दोन रात्री राहिले आणि बरे झाले.

पुढच्या चादरीला काका आले तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता फटाके फुटणार. बाईंनी फक्त म्हटलं, "काका, मोजे." काकांनी निमूटपणे मोजे काढून झटकून दाखवले. त्यानंतर काका असेपर्यंत दर चादरीला हा कार्यक्रम झाला. कोणीतरी हसायचं, काकाच आधी.

त्यानंतर दोन-तीन वर्षांनी बाईंच्या डोळ्यांचं सुरू झालं. काचबिंदू. समोरचं स्वच्छ दिसायचं, बाजूचं कमी कमी होत गेलं. बाईंनी ते लपवलं नाही, पण त्यावर बोलल्याही नाहीत. औषधाचे थेंब वेळेवर घालायच्या आणि पुढे चालायच्या. आम्ही मात्र बघत होतो. जिन्यात शेजारून येणाऱ्या माणसाला धडकायच्या. एकदा अनंतगिरीच्या वाटेवर उजवीकडची कड संपते तिथे त्यांचं पाऊल अर्धं बाहेर पडलं. मी दंड धरला. त्यांनी "हं" केलं आणि पुढे गेल्या. त्याच दिवशी चिन्मयची बायको बाजूला भरकटली आणि चांगला वेळ बाईंच्या लक्षात आलं नाही.

परतीच्या गाडीत बाई डोळे मिटून बसल्या होत्या आणि आम्ही दाराशी उभं राहून कुजबुजत होतो. बाईंना आता थांबवायला हवं, यावर एकमत. सांगायचं कोणी, एवढंच ठरत नव्हतं. नोकरी संपली होती, बोर्ड तर त्याआधीच. महिन्यातला एक रविवार काढून घेतला तर त्या अंबरपेठेच्या खोलीत बसून काय करतील? आणि काढून नाही घेतला, तर एक दिवस कोणीतरी कड्यावरून जाईल, आणि ते कोणीतरी कदाचित बाईच असतील. चिन्मय म्हणाला, "सुधाताई, तुम्ही सांगा." मी म्हटलं, पुढच्या चादरीला सांगते. सांगायचं ठरवूनच मी त्या चादरीला गेले.

झडती नेहमीसारखी झाली. कायकू, कायकू, डोळे मिटा. मी संधी शोधत होते. सगळ्यांचं झाल्यावर बाई म्हणाल्या, "आता माझी."

त्यांनी आपली सॅक उपडी केली. पट्टी, दोर, डोक्याचा दिवा, दुधाच्या धुतलेल्या पिशवीत गुंडाळलेली काडेपेटी. मिटल्या डोळ्यांनी एकेक वस्तू वापरून दाखवली. एकही चुकली नाही. चुकणारही नव्हती. मग उभ्या राहिल्या, गच्चीच्या मधोमध गेल्या आणि समोरच्या पाण्याच्या टाकीकडे तोंड करून म्हणाल्या, "डोळे मिटून करायचं ते झालं. आता उघडून. मी टाकीकडे बघत राहते. तुम्ही एकेक जण माझ्या बाजूनं चालत जा, बूट काढून. मी नाव सांगते."

जोशीकाका खाली वाकून बुटाच्या नाड्या चाचपत राहिले.

"चला की. सुधा, तू आधी."

मी बूट काढले आणि डाव्या बाजूनं गेले. हातभर अंतरावरून. बाई टाकीकडे बघत होत्या. "कोण गेलं का?" त्यांनी विचारलं.

"मी गेले, बाई."

"बरं. पुढचा." चिन्मय उजवीकडून गेला. बाई वाट बघत राहिल्या. जोशीकाका गेले तेव्हा, "काका. उदबत्तीचा वास येतोय," असं म्हणाल्या, आणि काका बिचारे रडवेले होऊन म्हणाले, "होय हो, मीच." पण सगळ्यांना कळलं की नाकानं ओळखलं.

बाईंनी मान वळवून आम्हाला समोर घेतलं. "चादरीवर चाललं नाही तर काय?"

त्यांनी वाट पाहिली. बोर्डावर पलीकडचा माणूस बोलायला लागेपर्यंत बघायच्या तशी. शेवटी मी म्हटलं, "घरी."

"वाद?"

"नाही."

"मग झालं." त्यांनी गळ्यातली शिट्टी काढली, पदरानं कोरडी केली आणि माझ्या हातात दिली. "सामानाची ट्रंक उद्या संध्याकाळी घेऊन जा. जड आहे, रिक्षा कर." माझं भाषण तयार होतं, ते तसंच राहिलं. रागावल्या नव्हत्या, रडल्या नव्हत्या. खोलीत जाऊन सगळ्यांसाठी पोहे फोडणीला टाकले आणि मीठ जरा जास्त झालं. आम्ही सगळे संपवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नामपल्ली स्टेशनवर त्या आल्या. कडक इस्त्रीची सुती साडी, हातात काठी नाही. त्यांना स्टेशनवर साडीत मी पहिल्यांदाच पाहत होते. फलाटावर प्रत्येकाच्या सॅकचा पट्टा ओढून पाहिला. चिन्मयचा एक सैल होता, तो आवळून दिला. आम्ही डब्यात चढलो. गाडी हलली तेव्हा बाई गर्दीत आम्हाला शोधत होत्या, पण बघत होत्या पुढच्या डब्याकडे. हाका मारून गोंगाटात उपयोग नव्हता. मी खिडकीतून शिट्टी वाजवली. एक, लांब.

बाई नेमक्या आमच्या खिडकीकडे वळल्या आणि पंजा वर केला. गाडी वळेपर्यंत तो हात तसाच वर होता.

महिनाअखेर त्यांची बहीण त्यांना नांदेडला न्यायला आली तेव्हा मी ऑडिटसाठी विजयवाड्याला होते. पुढे फोनवर बोलणं व्हायचं. "कुठे जाताय? दोर बघितलास?" एवढंच विचारायच्या. पुन्हा भेट झाली नाही.

संध्याकाळची चादर आत्ताच आटोपली. एका मुलीची पाण्याची बाटली घरी गेली, झाकण मिटल्या डोळ्यांनी लागत नव्हतं. सगळ्यांचं झाल्यावर आमच्या गच्चीवरच्या टाकीकडे तोंड करून मी उभी राहिले आणि एकेक जण बूट काढून माझ्या बाजूनं गेला. अजून सगळ्यांची नावं सांगता येतात.

रविवार. सकाळी उठले, तांब्यात पाणी घेतलं, शिट्टी बुडवली आणि न झटकता वाजवली. आतून नवरा म्हणाला, "अगं, माणसं झोपलीत!" वाजली. गळ्यात घातली, दोर खांद्यावर टाकला आणि नामपल्लीची बस पकडली.